दर्यावरचे भिकारी आणि हसनचाचांचं रफू

फाटके कपडे शिवायला चांगल्या कपड्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. हे कुणी मला पूर्वी सांगितलं असतं तर मी हसले असते. आता कुणी हसलं तर मला राग येतो.

कुवेतमध्ये आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात नवी ओळख झाली की पहिला प्रश्न ठरलेला, तुम्ही काय करता. बाकीच्या बायका बँक, आयटी, अकाउंट्स अशी दणदणीत उत्तरं द्यायच्या. मी म्हणायची, "कपडे भाड्यानं देते." मग समोरचीचा चेहरा जरा सावध व्हायचा. एकदा एकीनं तर हळूच बाजूला घेऊन "मिस्टरांचं काम सुटलं का हो?" असं मायेनं विचारलं होतं. नवऱ्याचं काम व्यवस्थित चालू होतं. माझंही चालू होतं, फक्त माझ्या कामात वाघ, वांगी आणि झाशीच्या राण्या होत्या.

खैतानमध्ये पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचं माझं दुकान. भारतीय शाळांची गॅदरिंगं, मुलांच्या फॅन्सी ड्रेस स्पर्धा, रमजानच्या मध्यावर कुवेती मुलं गाणी म्हणत खाऊ गोळा करतात त्यासाठी लागणारे जरीचे झगे, असं सगळं आम्ही शिवायचो आणि भाड्यानं द्यायचो. बाहेरच्यांना वाटतं, या धंद्यात शिवणं महत्त्वाचं. तसं नाही. विकलेला कपडा एकदा जातो. भाड्याचा कपडा जातो, येतो, पुन्हा जातो. येताना सोबत केचप, च्युइंगगम, उसवलेली शेपटी आणि कधीकधी दुसऱ्याच कुणाचा मोजा घेऊन येतो. म्हणून या धंद्यात धुणं, उसवलेलं सांधणं आणि रफू करणं यालाच खरी किंमत आहे.

गिऱ्हाइकांचं काय सांगावं. एका आईला मुलगा फ्लॉवरच्या वेषात हवा होता, पण फ्लॉवर बारीक दिसायला हवा होता, कारण फोटो पुण्याला सासूबाईंकडे जाणार होते. एका वडलांनी वाघाचे पट्टे मोजून दोन्ही बाजूंना सारखे नाहीत अशी तक्रार केली. ते ऑडिटर होते. मी त्यांना म्हटलं, वाघाकडे चौकशी करते. त्यांनी ते खरं मानलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

या सगळ्यात माझा आधार म्हणजे हसनचाचा. रत्नागिरीकडचे. माझ्या आधीपासून कुवेतमध्ये. आधी राई भागातल्या एका शोरूममध्ये पडदे शिवायचे, मग माझ्याकडे आले. वय विचारलं की "व्हिजावर हाय तेवढा" म्हणायचे. त्यांनी रफू केलेली जागा दिव्याखाली धरली तरी सापडायची नाही. त्यांचा एक नियम होता, आणि तो माझ्या दुकानाचा नियम आहे असं ते मलाच सांगायचे. फाटलेला कपडा या दुकानातून बाहेर जाणार नाही. एकदा मुलांच्या नाटकातल्या गरीब शेतकऱ्याच्या सदऱ्याला त्यांनी इतकी कडक इस्त्री केली होती की प्रेक्षकांना तो सावकार वाटला.

अशा माणसाकडे माझ्या हातून फाटक्या कपड्यांची ऑर्डर आली.

ऑर्डर देणारी बाई हॉलंडची. इनिका तिचं नाव. नवऱ्याच्या नोकरीमुळे सलव्याला एका कंपाउंडमध्ये राहायची, तिथे बऱ्याच डच मंडळींची घरं होती. तिला अठरा माणसांचे कपडे हवे होते. मी वही उघडली आणि विचारलं, कसले कपडे? ती म्हणाली, भिकाऱ्यांचे. मी विचारलं, कुठल्या नाटकातले? ती म्हणाली, "नाटकातले नाहीत. आमच्या देशाच्या स्वातंत्र्याचे."

मग तिनं मला गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. चारेकशे वर्षांहून जास्त काळ झाला. हॉलंडवर तेव्हा स्पेनच्या राजाचं राज्य होतं. तिथले काही सरदार आपली गाऱ्हाणी घेऊन दरबारात गेले, तेव्हा कुणीतरी दरबारी म्हणाला, या भिकाऱ्यांना काय घाबरायचं. त्या लोकांनी तो शब्दच उचलला. आम्ही भिकारीच, म्हणाले. राखाडी कपडे घातले, गळ्यात भिक्षेची वाटी अडकवली. पुढे स्पेननं धरपकड सुरू केल्यावर त्यातले कित्येक जण जहाजांवर चढले आणि स्पेनची गलबतं लुटायला लागले. त्यांना म्हणायचे दर्यावरचे भिकारी. काही देशभक्त, काही निव्वळ चाचे, आणि बरेच जण सोयीप्रमाणे दोन्ही. एकदा इंग्लंडच्या राणीनं त्यांना आपल्या बंदरांतून हाकलून दिलं. पोटात अन्न नाही, वारा नेईल तिकडे जहाजं, असे ते एका लहानशा गावाच्या तोंडाशी येऊन पडले. त्या गावाचं नाव ब्रील.

"आणि मग लढाई झाली," मी म्हटलं.

"लढाई कसली," इनिका म्हणाली. "स्पेनचे सैनिक नेमके दुसऱ्या गावी गेले होते. आमच्या एका नावाड्यानं गावात जाऊन सांगितलं की पाच हजार भिकारी आलेत. होते काही शे. गावातले बडे लोक मागच्या दारानं पळाले. यांनी पुढचा दरवाजा फोडला आणि आत गेले. स्वतंत्र झालेलं पहिलं गाव."

ही घटना एक एप्रिलची. तेव्हापासून ब्रीलमध्ये दर एक एप्रिलला सगळं गाव जुने कपडे घालून तो दरवाजा पुन्हा फोडतं. आणि त्या नावाड्याचं काम वर्षानुवर्षं कोण करत होतं, तर इनिकाचे वडील, यानआजोबा.

इथं तिचा आवाज बदलला. आजोबा ब्रीलच्या घरात एकटे राहायचे. हिवाळ्यात जिन्यावरून पडले, पाय मोडला, आणि दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला सापडले. इनिका एकुलती एक. ती त्यांना कुवेतला घेऊन आली. आल्यापासून आजोबा खोलीच्या बाहेर पडत नव्हते. कुणाशी बोलत नव्हते. एवढंच म्हणाले होते की एक एप्रिल झाला की मला परत नेऊन सोड. पाय बरा व्हायला तेवढा वेळ लागणार होता, म्हणून यंदाचा एक एप्रिल हुकणारच होता. "परत गेले तर पुन्हा पडतील," इनिका म्हणाली. "मला त्यांना इथं ठेवून घ्यायचंय. त्यांना एक एप्रिल इथंच मिळाला, तर कदाचित थांबतील." बाई रडली नाही, पण नाक मात्र माझ्या वाघाच्या शेपटीला पुसलं. मी ऑर्डर घेतली.

हसनचाचांना मी सगळी गोष्ट नीट समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाले, "बाय, सरदार लोका भिकारी म्हनून घेतात, त्यांची हौस. पन कपडा मी चांगलाच शिवनार."

त्यांनी चांगलाच शिवला. राखाडी जाड कापडाचा कोट आणि ढगळ विजार, नमुन्यादाखल. इस्त्री अशी की विजारीच्या घडीनं बोट कापावं. इनिका तो नमुना घरी घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दुकानाच्या जिन्यावर काठीचा आवाज आला. काठीमागून यानआजोबा आले. उंच, हाडकुळे, भुवया पांढऱ्या आणि रागावलेल्या. मागे इनिका, चेहऱ्यावर आश्चर्य मावत नव्हतं. आल्यापासून पहिल्यांदाच ते घराबाहेर पडले होते, आणि पडले होते ते भांडायला.

आजोबांनी कोट टेबलावर टाकला. मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "हा भिकारी नाही. हा बँकेत काम करतो."

मी चाचांना भाषांतर करून सांगितलं. चाचा खूष झाले. त्यांना ते कौतुक वाटलं.

मग आजोबा रोज यायला लागले. त्यांना खडबडीत पॉलिश पेपर हवा होता, कोपरं घासायला. कडक चहा हवा होता, कापड बुडवायला. चाचांनी चहा करून दिला, पण तो कपड्यावर ओतताना पाहून त्यांनी डोळे मिटून घेतले. रमजानचे दिवस. चाचांचा रोजा. आजोबांनी पहिल्या दिवशी थर्मास काढून कॉफी ओतायला घेतली तेव्हा इनिका शरमली. चाचांनी आजोबांच्या खांद्याला हात लावला, ट्रायल रूमकडे बोट दाखवलं आणि स्वतः पडदा ओढून दिला. तेव्हापासून रोज अकरा वाजता आजोबा पडद्यामागे जाऊन कॉफी प्यायचे आणि बाहेर येऊन पुन्हा भांडायला बसायचे.

भांडायची भाषा एक नव्हती. चाचा कोकणी नि हिंदी बोलायचे, आजोबा डच नि मोडकं इंग्रजी. मी मध्ये बसून दोन्हीकडची इंग्रजी नि मराठी करत होते, आणि बऱ्याच गोष्टी गाळत होते. चाचांचं म्हणणं, "दर्यावरचा मानूस सुई-दोरा घेतल्याबिगर निघतो काय? शीड फाटला तर शिवनारच ना? मग विजार का नाय शिवनार?" आजोबांचं म्हणणं, दोरा संपला होता. चाचांचं म्हणणं, दोरा संपतो तो आळशाचा. हे मी गाळलं.

कापड जुनं दिसावं म्हणून आम्ही सगळे कपडे गच्चीवर वाळत घातले. त्या आठवड्यात कुवेतनं आपलं नेहमीचं धुळीचं वादळ पाठवलं. एरवी मी वादळाला शिव्या देते. त्या दिवशी मी खिडकीत बसून समाधानानं बघत होते. कपडे असे झाले की ब्रीलच्याच समुद्रातून आले असावेत. राहिलेली भोकं आजोबांनी स्वतःच्या हातानं पाडली. नावाड्याच्या कोटाच्या डाव्या कोपराचं भोक करायला त्यांना दोन दिवस लागले. झाल्यावर त्यांनी ते भोक मला दाखवलं, त्यातून बोट बाहेर काढून हलवलं, आणि हसले. इनिकानं माझा हात दाबला.

मग बिल्ले आले. आजोबांनी हॉलंडहून मागवलेले, चांदीसारखे दिसणारे, चंद्रकोरीच्या आकाराचे. चाचांनी ते हातात घेऊन बघितले. मी विचारल्यावर आजोबांनी सांगितलं की त्या दर्यावरच्या भिकाऱ्यांपैकी काही जण असा बिल्ला लावायचे. स्पेनचा राजा तुर्कांशीही लढत होता. तर यांचं म्हणणं, स्पेनच्या राजापेक्षा तुर्कांचा सुलतान परवडला. चाचांनी एक बिल्ला आपल्या बाहीवर घासून लख्ख केला. माझं तिथे लक्ष असायला हवं होतं.

यंदा ईद आणि एक एप्रिल लागूनच आले. मी अठरा फाटके, धुळकट, चहाच्या डागांचे कपडे दांडीवर लावले, चाचांना सुट्टी दिली, दुकानाची दुसरी किल्ली नेहमीप्रमाणे त्यांच्याकडेच होती. मी घरी गेले. एक एप्रिलला सकाळी दुकान उघडलं तेव्हा सगळे कपडे झिपच्या पिशव्यांमध्ये व्यवस्थित भरून ठेवले होते. मला वाटलं, चाचांनी किती काळजी घेतली. पिशव्या गाडीत टाकल्या आणि सलव्याला गेले.

कंपाउंडमध्ये डच बायका-माणसं जमली होती. दरवाजा म्हणून कंपाउंडचाच लोखंडी गेट घेतला होता आणि स्पेनचा द्वारपाल म्हणून कंपाउंडचा राखणदार महमूद. इथे अशा राखणदाराला हारिस म्हणतात. त्याला इनिकानं बजावून ठेवलं होतं की कुणीही काही म्हणालं तरी ऐकायचं नाही, कुणालाही आत घ्यायचं नाही. मी पहिल्या पिशवीची झिप उघडली.

आत राखाडी कोट होता, स्वच्छ धुतलेला. कडक इस्त्रीचा. भोक एकही नव्हतं. मी दुसरी उघडली, तिसरी उघडली. अठराच्या अठरा. चहाचे डाग गेले होते, उसवलेली गळपट्टी शिवली होती, आणि प्रत्येक कोटाच्या छातीवर चंद्रकोर, घासून चकचकीत केलेली. इनिकानं एक कोट उचलून नवऱ्याच्या हातात दिला. तिच्या धिप्पाड नवऱ्यानं विजार दोन्ही हातांनी ओढून पाहिली. काही झालं नाही. दुसऱ्यानं कोपर धरून ओढलं. चाचांच्या रफूला फाटणं माहीत नाही. एक जण म्हणाला, आज एक एप्रिल आहे, ही गंमत असेल. मीही मनात हीच प्रार्थना करत होते.

चाचांना फोन केला. ते म्हणाले, येतो, मी तिकडेच निघालो होतो. ते आले तेव्हा अंगात ईदचा नवा पांढरा झब्बा, हातात शीरखुर्म्याचा मोठा डबा. त्याच वेळी आजोबा घरातून बाहेर आले. नावाड्याची टोपी डोक्यावर, कोट घालायला हात पुढे केलेला. आता आजोबा बघणार, मागे फिरणार, आणि खोलीचं दार लावून घेणार, एवढंच आम्हा सगळ्यांना दिसत होतं. इनिकानं माझ्या दंडाला इतकं घट्ट धरलं की तिथे नंतर निळं झालं.

आजोबांनी कोट घेतला. डावं कोपर शोधलं. उलटं करून पाहिलं. उन्हात धरलं. मग अंगठ्यानं चाचपत राहिले. शेवटी म्हणाले, "माझं भोक कुठं आहे?"

मी चाचांकडे वळले. माझा आवाज चढला होता. "चाचा, हे काय केलंत? तुम्हाला माहीत होतं ना, फाटकेच हवेत?"

"माहीत होता," चाचा म्हणाले. "पन बाय, आज ईदीचे दिस. छातीवर चाँद लावायचा नि अंगात फाटका घालायचा? आपल्या दुकानातून अठरा मानसा ईदीला फाटक्या कपड्यात जानार? मला झोप नाय आली. चाँदरातीपासून बसलो, सगळा शिवून काढला."

त्यांच्या डोळ्यांखाली काळं दिसत होतं. मला रागवायचं होतं आणि रागवता येत नव्हतं. चाचांचं सगळं म्हणणं मी इंग्रजीत सांगितलं, एकही शब्द न गाळता. इनिकानं डचमध्ये सांगितलं. आजोबांनी ऐकलं. पुन्हा एकदा कोपरावरून अंगठा फिरवला. मग बाकी लोकांकडे वळून डचमध्ये बराच वेळ काहीतरी बोलले, आणि सगळे हसायला लागले. इनिका मला म्हणाली, "ते म्हणतायत, गावात शिरायच्या आधी ते लोक फाटके होते. शिरल्यावर त्यांनी लुटालूट केली आणि संध्याकाळपर्यंत सगळे चांगल्या कपड्यांत होते. आम्ही आजवर सकाळचाच खेळ करत आलो. आज संध्याकाळचा करू."

"पण मग दरवाजा?" मी विचारलं.

"दरवाजा फोडायचाच," आजोबा म्हणाले. "चांगले कपडे घालूनही फोडता येतो."

इनिका आत थांबली, बाकी सगळे बाहेर रस्त्यावर गेले. स्वच्छ, इस्त्री केलेले अठरा भिकारी, गळ्यात वाट्या. आजोबा काठी टेकत गेटपाशी आले आणि त्यांनी आरोळी दिली की बाहेर पाच हजार माणसं आली आहेत. पळून जायचं सोडून महमूद गजातून डोकावला. त्यानं नम्रपणे विचारलं, "बताका?"

बताका म्हणजे इथलं ओळखपत्र. पाच हजार जणांचे बताके दाखवल्याशिवाय तो गेट उघडायला तयार नव्हता. इनिका आतून ओरडून सांगत होती की उघड, पण तिनंच आधी सांगितलं होतं की कुणाचं ऐकू नकोस. चाचा पुढे झाले आणि अरबीत म्हणाले की भाई, ईद मुबारक, ही माझी माणसं आहेत. महमूदनं लगेच गेट उघडला. ब्रील पडलं. आजोबा इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. आम्हाला वाटलं पाय दुखला, तर तसं काही नव्हतं.

नंतर बागेत सगळे शीरखुर्मा खात बसले. आजोबा चाचांच्या शेजारी बसले होते. इनिका रिकामे वाडगे गोळा करत होती. आजोबांनी मला विचारलं, "याला विचार, पुढच्या वर्षी ईद कधी आहे?"

मी विचारलं. चाचा म्हणाले, दरसाल धा-अकरा दिस आधी येते. मी ते आजोबांना सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला.

"म्हणजे पुढच्या एक एप्रिलला ईद होऊन गेलेली असेल."

"हो."

"मग पुढच्या वर्षी आम्हाला फाटके कपडे हवेत. याला आत्ताच सांगून ठेव."

इनिकाच्या हातातले वाडगे खाली पडले. ती तशीच गवतावर बसली, वडलांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि मोठ्यानं रडायला लागली. आजोबा एका हातानं तिच्या डोक्यावर थोपटत होते आणि दुसऱ्या हातानं खुर्मा खात होते.

चाचा घाबरले. त्यांनी मला हळूच विचारलं, "काय झाला बाय? कपडा फाटका नाय मिळाला म्हनून रडते काय ती?"

मी नुसती मान हलवली, ती त्यांना होकाराची वाटली.

"मग आसां करू नको म्हनावा," चाचा म्हणाले. "पुढच्या साली मी माझ्या हातान फाडून देतो, सांग तिला."